देवळालीचे गणितशिक्षक कापरेकर आणि ६१७४

महाराष्ट्रात नाशिकजवळ असलेल्या देवळाली या गावातील एका शाळेत तीन दशकांहून अधिक काळ मुलांना गणित शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव आज जगभरातील गणिताच्या पुस्तकांत आढळते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ते शिक्षक. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि कोणत्याही विद्यापीठात ते प्राध्यापक नव्हते. त्यांच्या शोधांची गणना विद्वानांनी बराच काळ करमणुकीत केली. तरीही ६१७४ ही संख्या आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. तिचे रहस्य उलगडण्यासाठी नववी-दहावीच्या बीजगणितापलीकडे काहीही लागत नाही.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या उत्तरेस समुद्रकिनाऱ्यावर वसलेल्या डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले आणि वडिलांनी त्यांचा सांभाळ केला. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषाच्या फलिताविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यासाठी आकडेमोड मात्र भरपूर करावी लागते. घरातील या आकडेमोडीतूनच लहानग्या दत्तात्रयाला संख्यांचा लळा लागला. ठाण्यातील शालेय शिक्षणाच्या काळात गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या स्थानावर आलेले पहिले भारतीय होते. पुण्यातील गणिताच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांचा आदर्श असे. पारितोषिक मिळवणारा हा विद्यार्थी मात्र केंब्रिजला गेला नाही. १९२९ मध्ये विज्ञानाची पदवी घेऊन त्याने देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन केले.

देवळालीची त्या काळातील ओळख होती ती लष्करी छावणीची. मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहणारे ब्रिटिश सैनिक येथे महिनोन्‌महिने अडकून पडत. त्यांच्या बोलीतून या गावाचे नाव अपभ्रंश होऊन इंग्रजीत गेले आणि तेथे त्याला डोके फिरल्याचा अर्थ चिकटला. ज्या गावाच्या नावाला परक्या भाषेत असा अर्थ आला, त्याच गावात संख्यांचा ध्यास घेतलेला हा शिक्षक राहावा, हा योगायोग गमतीचाच. त्यांनाही वेडे समजणारे लोक होतेच.

फळ्यावरची वजाबाकी

कापरेकर यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध कोणीही वही-पेन्सिल घेऊन पडताळून पाहू शकतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी. जी वजाबाकी येईल, तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी.

कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केल्यास ९३५१ उरतात. पुढे ९५३१ उणे १३५९ म्हणजे ८१७२. त्यानंतर ८७२१ उणे १२७८ म्हणजे ७४४३. मग ७४४३ उणे ३४४७ म्हणजे ३९९६. पुढची पायरी ९९६३ उणे ३६९९, म्हणजे ६२६४. त्यापुढे ६६४२ उणे २४६६ म्हणजे ४१७६. आणि सातव्या वेळी ७६४१ उणे १४६७ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वेळा ही क्रिया केली तरी उत्तर बदलत नाही, कारण ६१७४ चे अंकही ७, ६, ४ आणि १ हेच आहेत.

कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठले जाते. म्हणजे या शोधकर्त्याच्या जन्मवर्षाला सर्वांत लांबचा मार्ग लाभला आहे.

हे का घडते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बीजगणित देते. उतरत्या क्रमाने मांडलेल्या अंकांना अ, ब, क, ड अशी अक्षरे देऊ. स्थानिक किमतीनुसार मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड इतकी होते. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ इतकी असते. दोन्हींची वजाबाकी केली की ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढेच शिल्लक राहते. एका ओळीच्या या सूत्रात पुष्कळ काही दडलेले आहे. ९९९ आणि ९० या दोन्ही संख्यांना ९ ने भाग जातो, म्हणून पहिल्याच वजाबाकीपासून प्रत्येक उत्तर ९ ने विभाज्य असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ संख्येचे अंक कोणते होते, याला आता महत्त्व उरत नाही. महत्त्व उरते ते फक्त दोन फरकांना.

यातील पहिला फरक, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील अंतर, १ पासून ९ पर्यंत असू शकतो. मधल्या दोन अंकांतील दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. पहिला फरक १ असेल तर दुसऱ्यासाठी ० आणि १ हे दोन पर्याय, पहिला २ असेल तर तीन पर्याय, आणि असे करत पहिला ९ असताना दहा पर्याय मिळतात. २ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज ५४ येते. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८,९९१ आहेत. या सर्वांना पहिल्या वजाबाकीने अवघ्या ५४ उत्तरांत आणून बसवले. त्यापुढे ५४ वाटा तपासणे हे एका दुपारचे काम आहे. त्यांतील प्रत्येक वाट ६१७४ पाशी येऊन थांबते. मात्र ९९९ असे उत्तर आले तर ते ०९९९ असे चार अंकी लिहावे लागते. हे विसरले की गणित फसते.

६१७४ स्वतःपाशीच का थांबते, तेही सूत्र सांगते. ७ आणि १ यांतील फरक ६, तर ६ आणि ४ यांतील फरक २. ९९९ ची सहापट ५,९९४ आणि ९० ची दुप्पट १८०, बेरीज ६,१७४.

तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केल्यास ४९५ ही संख्या येते. दोन अंकी संख्यांत मात्र असे विश्रामस्थान नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही क्रिया चक्रांत अडकते. चार अंकांना लाभलेले हे एकमेव स्थान म्हणूनच विशेष ठरते. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत ही संख्या मांडली आणि पुढे १९५० च्या दशकात 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात तिच्याविषयी लिहिले.

वर्ग तोडून जोडणाऱ्या संख्या

त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा दुसरा प्रकार म्हणजे 'कापरेकर संख्या'. ४५ चा वर्ग २०२५. या वर्गाचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ४५ मिळतात. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९. तीन अंकी संख्यांत २९७ चा वर्ग ८८,२०९ येतो. ८८ आणि २०९ मिळून २९७ होतात.

अशा संख्या एकामागून एक वर्ग करून शोधाव्या लागतात, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेही अक्षरे श्रम वाचवतात. संख्येला न म्हणू, वर्गाच्या डाव्या तुकड्याला प आणि उजव्या दोन अंकी तुकड्याला फ म्हणू. वर्ग म्हणजे १००प + फ आणि न म्हणजे प + फ. वर्गातून न वजा केल्यास ९९प उरतात. याचा अर्थ, न आणि त्याच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने भाग गेला पाहिजे. ९९ म्हणजे ९ गुणिले ११. लगतच्या दोन संख्यांत १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, म्हणून ९ हा अवयव संपूर्णपणे त्या दोहोंपैकी एकीत असला पाहिजे. ११ चेही तसेच. दोन्ही अवयव न मध्ये असतील तर उत्तर ९९. न मध्ये ९ आणि आधीच्या संख्येत ११ असतील तर ४५, कारण ४४ ही ११ ची पट आहे. उलट स्थिती असेल तर ५५, कारण ५४ ही ९ ची पट आहे. दोन अंकी संख्यांत चौथी शक्यताच उरत नाही. ४५ आणि ५५ मिळून १०० होतात. २९७ ची जोडीदार ७०३. या दोघी मिळून १,००० होतात, आणि ७०३ चा वर्ग ४,९४,२०९ हा ४९४ अधिक २०९ अशा तुकड्यांत विभागला जातो.

२०२५ साल उजाडले तेव्हा ते २० आणि २५ यांच्या बेरजेचा वर्ग असल्याची मौज अनेकांनी अनुभवली. पुढच्या अशा वर्षासाठी ३०२५ पर्यंत थांबावे लागेल.

जन्मदाता नसलेल्या संख्या

कापरेकर यांच्या डोक्यात संख्यांचे कुटुंबच होते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, त्यापासून ३०, त्यापासून ३३, पुढे ३९, ५१ अशी वंशावळ चालते. १०१ या संख्येला तर दोन जन्मदाते आहेत, ९१ आणि १००. परंतु काही संख्या कोणापासूनच जन्मत नाहीत. त्यांना 'स्वयंभू संख्या' म्हणतात. 'देवळाली संख्या' या नावानेही त्या परिचित आहेत. १, ३, ५, ७, ९ आणि त्यानंतर २०, ३१, ४२, ५३ अशी त्यांची यादी सुरू होते.

२० स्वयंभू का, हे विद्यार्थ्याला एका समीकरणात दाखवता येते. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असलेल्या संख्येपासून ११अ + २ब ही संख्या जन्मते. ती २० असायची तर अ सम असावा लागतो. अ शून्य घेतल्यास ब १० येतो, आणि १० हा अंक नव्हे. अ २ घेतल्यास २२ होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. उत्तर नाही, हेच येथे उत्तर. उत्तर न निघणाऱ्या समीकरणालाही अर्थ असतो, ही गोष्ट शाळेत सहसा फार उशिरा कळते.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणारी असे संस्कृत नाव दिले. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. खुद्द ६१७४ देखील हर्षद आहे, कारण १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. डेम्लो संख्यांचे नाव तर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील एका रेल्वे स्थानकावरून आले. त्यांचा विचार कापरेकर यांना तेथे सुचला होता. १११ चा वर्ग १२,३२१ आणि १,१११ चा वर्ग १२,३४,३२१ ही त्या कुळातील देखणी उदाहरणे आहेत.

उपेक्षेची वर्षे

हे सारे आज कौतुकाने वाचले जात असले, तरी कापरेकर यांच्या उमेदीच्या काळात अनेक भारतीय गणितज्ञ त्यांच्या कल्पनांना हसत. हा विषय पोरकट आहे, असे त्यांचे मत होते. या मतामागे केवळ अहंकार होता, असे म्हणता येणार नाही. अंकांच्या मांडणीवर आधारलेले गुणधर्म हे आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दिसतात. मोजण्याचा पाया बदलला की ते नाहीसे होतात किंवा रूप पालटतात. रामानुजन यांचे सहकारी जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशाच अंकवैचित्र्यांचा उल्लेख करून, ती कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत रस वाटण्याजोगे काही नाही, असा निर्वाळा दिला होता. आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असलेल्या ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण त्यांनी घेतले होते. यांपैकी ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. ज्या संख्येला हार्डी यांनी बाजूला सारले, तीच देवळालीत दुसऱ्या कारणासाठी जपली जात होती.

तरीही या आक्षेपात एक गोष्ट सुटली. सूत्र मांडणे, शक्यता मोजणे, त्यांतील अशक्य त्या गाळणे आणि उरलेल्या तपासून सिद्धता पूर्ण करणे, ही गणिताची सगळी रीत ६१७४ मध्ये सामावलेली आहे, आणि तीही तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यात. कापरेकर वर्गात हेच करत. संख्यांवरील स्वतःच्या प्रेमातून ते मुलांना विषयाकडे ओढून घेत. त्यांच्या पद्धतीविषयी बोलण्यासाठी परिसरातील महाविद्यालयेही त्यांना बोलावत.

मोठ्या नियतकालिकांत जागा मिळणे कठीण होते. त्यामुळे त्यांचे काही लेख लहान नियतकालिकांत आले आणि उरलेले त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपाने छापले. या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि देवळालीचा पत्ता असे. स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका निवृत्तीनंतर, १९६३ मध्ये निघाली. शिक्षकाच्या मिळकतीत असा खर्च करणे सोपे नव्हते.

१९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतनात त्यांचा खर्च भागेना. साठी ओलांडलेल्या कापरेकर यांना उदरनिर्वाहासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. दिवसा शिकवणी आणि उरलेल्या वेळात संख्या, असा त्यांचा क्रम राहिला. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी किती जणांना समोरच्या गृहस्थांची योग्यता ठाऊक असेल, याची कल्पनाच करावी.

मार्च १९७५ मध्ये परिस्थिती बदलली. अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणिती खेळांचे सदर येत असे आणि ते जगभर वाचले जाई. त्या महिन्याच्या सदरात गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. सत्तरीत पोहोचलेले देवळालीचे शिक्षक अचानक दूरदेशीच्या वाचकांना परिचित झाले. ६१७४ साठी संगणक चालवले जाऊ लागले. अंकसंख्या वाढवून, मोजण्याचा पाया बदलून नवे प्रश्न विचारले गेले. पाया बदलला की गुणधर्म बदलतात, हा एकेकाळचा आक्षेपच आता अभ्यासाचा विषय झाला. घरच्या गणितज्ञांनी जे मनावर घेतले नाही, त्याची दखल परदेशी मासिकाने घेतल्यावर इकडेही नाव झाले. हा अनुभव आपल्याकडे नवा नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, कापरेकर यांचे निधन झाले. संगणकाची भाषा शिकणाऱ्या नवशिक्यांना आज ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या मोजण्याचा सराव दिला जातो, तेव्हा त्यांच्यापुढे कापरेकर हे आडनाव येते. देवळाली कोठे आहे, हे त्यांतील अनेकांना माहीत नसते.

त्यांच्या मृत्यूचे वर्षही त्याच क्रियेतून नेता येते. ९८६१ मधून १६८९ वजा केल्यास ८१७२ उरतात. जन्मवर्ष १९०५ पासून निघालेली वाट दुसऱ्या पायरीवर ज्या संख्येशी आली होती, तीच ही ८१७२. येथून दोन्ही वर्षांची वाट एकच होते: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.